तोट्यात गेलेला बोगदा

माझ्या भाच्याने लंडनहून एक फोटो पाठवला. तो आणि त्याची आठ वर्षांची लेक गुडघे छातीशी घेऊन एका बुटक्या आगगाडीत बसले आहेत. डोक्यावर पारदर्शक छत, भोवती काळपट ओलसर बोगदा. खाली एकच ओळ लिहिली होती, "मामा, ही तुमच्या खात्याची गाडी."

आरएमएसमधून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. नोकरीची निम्मी वर्षे महाराष्ट्राबाहेर गेली. सॉर्टिंग केससमोर उभे राहून, डबा हेलकावे खात असताना पत्र नेमके खणात टाकायचे, ही हाताची सवय अजून सुटलेली नाही. पोस्ट आणि रेल्वे ही दोन खाती माझ्या डोक्यात कधी वेगळी झालीच नाहीत. तरीही लंडनच्या पोस्टाने जमिनीखाली स्वतःची अख्खी रेल्वे बांधली होती आणि ती पंचाहत्तर वर्षे चालवली, हे मला ती बंद पडल्यावर कळले. भाच्याच्या फोटोनंतर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढले. आपल्या पानावर तिची हकीगत सांगावी असे वाटले, कारण ती दोन्ही खात्यांच्या कामगारांची हकीगत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे रस्ते घोडागाड्यांनी आणि नव्या मोटारींनी तुंबलेले असत. त्यात धुके. बाहेरगावची डाक पॅडिंग्टन, लिव्हरपूल स्ट्रीट अशा मोठ्या स्थानकांवर वेळेवर उतरायची आणि पुढे दोन-चार मैलांवरच्या सॉर्टिंग ऑफिसात पोहोचता पोहोचता तिचा वेळ जायचा. पोस्टाने १९०९ मध्ये एक समिती नेमली. १९११ मध्ये आराखडा ठरला, १९१३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १९१४ मध्ये खोदकाम सुरू झाले. पश्चिमेला पॅडिंग्टन, पूर्वेला व्हाइटचॅपल, मध्ये साडेसहा मैलांचा बोगदा. मुंबईत सीएसएमटीहून माटुंग्यापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढे. जमिनीखाली सत्तर फूट, व्यास नऊ फूट, आतून बिडाच्या कड्यांचे अस्तर. त्यात दोन रूळमार्ग. गेज दोन फुटांचा, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान गाडीचा. ठाण्याजवळ पारसिकचा बोगदा १९१६ मध्ये खुला झाला, त्याच काळात तिकडे हे काम चालू होते.

बोगदा १९१७ मध्ये खणून झाला, पण महायुद्धामुळे साहित्य मिळेना आणि किमती भडकल्या. रूळ टाकायचे काम राहिले. रिकाम्या बोगद्यात सरकारने नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि टेट गॅलरीतली चित्रे बॉम्बपासून वाचवण्यासाठी आणून ठेवली. म्हणजे या बोगद्याचा पहिला उपयोग डाकेसाठी झालाच नाही. रूळ टाकायला १९२४ उजाडले. ५ डिसेंबर १९२७ रोजी नाताळच्या पार्सलांसाठी गाडी सुरू झाली आणि १९२८ च्या फेब्रुवारीपासून पत्रेही जाऊ लागली.

आता ती चालायची कशी ते सांगतो, कारण रेल्वेतल्या बांधवांना त्यात रस वाटेल. गाडीत ड्रायव्हर नव्हता, गार्ड नव्हता. तिसऱ्या रुळातून वीज मिळायची, बोगद्यात ४४० व्होल्ट आणि स्थानकात १५० व्होल्ट. पुढच्या भागात गाडी असेल तर मागच्या भागातली वीज आपोआप तुटायची. वीज तुटली की ब्रेक लागायचा, वीज आली की सुटायचा. स्थानके मुख्य बोगद्यापेक्षा उंचावर होती. येणारी गाडी एकास वीस चढ चढताना आपोआप मंदावायची आणि निघताना त्याच उताराने वेग घ्यायची. ब्रेकचा त्रास कमी, विजेची बचत. १९२० च्या दशकातल्या माणसांनी केलेली ही योजना आहे. आज विनाचालक मेट्रोचे उद्घाटन होते तेव्हा भाषणांत जे नवल सांगितले जाते, ते शंभर वर्षांपूर्वी पोस्टाच्या पिशव्यांसाठी होऊन गेले आहे.

पण ड्रायव्हर नव्हता म्हणजे माणूस नव्हता असे कोणी समजू नये. आठ स्थानकांच्या फलाटांवर कंटेनर चढवणारे-उतरवणारे हात होते. स्विच फ्रेमवर बसून गाड्या सोडणारे होते. गाड्या थांबलेल्या थोड्या तासांत बत्ती घेऊन रूळ तपासत चालणारे होते, आपल्याकडच्या गँगमनसारखेच, फक्त डोक्यावर आभाळ नसलेले. माउंट प्लेझंटच्या कारखान्यात मोटारी उघडणारे फिटर होते. भरभराटीच्या काळात ही रेल्वे दिवसाचे २२ तास चालायची, दररोज चाळीस लाखांवर टपाल वाहायची आणि २२० च्यावर माणसे तिच्यावर काम करायची. वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लंडनकराला याची दादही नव्हती.

माउंट प्लेझंट म्हणजे रम्य टेकडी. त्या जागी पूर्वी कचऱ्याचा ढीग असल्याने हे नाव थट्टेने पडले, असे सांगतात. पुढे तिथे तुरुंग होता. तुरुंग बंद झाल्यावर जागा पोस्टाला मिळाली आणि ते देशातले एक मोठे सॉर्टिंग ऑफिस झाले. १९४३ मध्ये त्यावर बॉम्ब पडला. डाक थांबली नाही.

आता मुद्द्याकडे येतो. ही रेल्वे ३१ मे २००३ रोजी बंद झाली. रॉयल मेलच्या व्यवस्थापनाचे म्हणणे सरळ होते. रस्त्याने डाक नेण्यापेक्षा बोगद्यातून नेणे पाचपट महाग पडते. आकडा ऐकला की माणूस गप्प होतो. पाचपट महाग पडणारी गोष्ट कोण चालू ठेवील?

तिथल्या कम्युनिकेशन वर्कर्स युनियनने गप्प बसायचे नाकारले. युनियनने सांगितले, पाचपट नव्हे, तिपटीच्या आसपास. हा नुसता आकड्यांचा वाद नव्हता. युनियनचे म्हणणे असे की, तिप्पट खर्च दिसतो तोही रेल्वे तिच्या क्षमतेच्या एक तृतीयांशच वापरली जाते म्हणून, आणि इतका कमी वापर हे ठरवून राबवलेले धोरण आहे. बोगदा, वीज, पंप, देखभाल यांचा खर्च एक पिशवी गेली काय आणि तीन गेल्या काय, जवळपास तेवढाच. तीन पिशव्यांचा खर्च एका पिशवीच्या डोक्यावर टाकला की ती पिशवी महाग पडणारच. लंडनच्या महानगर प्रशासनाच्या अहवालानेही रेल्वे चालू ठेवण्याच्या बाजूने मत दिले होते. बंद करायचे ते बंद झालेच.

क्षमता एक तृतीयांशावर कशी आली, हे बघण्यासारखे आहे. बोगद्याला बाजूला फाटे नव्हते. वर जिथे सॉर्टिंग ऑफिस तिथेच खाली स्थानक. वरचे ऑफिस हलले की खालचे स्थानक मेले. शेवटी आठांपैकी तीनच स्थानके वापरात उरली होती. दुसरीकडे १९९६ मध्ये रॉयल मेलने विल्सडेन भागात नवे मोठे केंद्र उघडले आणि डाकेच्या गाड्या जुन्या स्थानकांऐवजी तिकडे वळवल्या. पॅडिंग्टनला डाकच उतरेना, तर पॅडिंग्टनहून बोगद्यात काय घालणार? आधी पाय बांधायचे आणि मग धावत नाही म्हणून काढून टाकायचे, असा हा प्रकार. आणि पाय बांधणारे व काढून टाकणारे व्यवस्थापन एकच.

कोणी म्हणेल, पत्रांचा जमानाच संपत आला होता. आज हे म्हणणे सोपे आहे. पण ब्रिटनमधल्या टपालाची संख्या २००३ मध्ये घसरत नव्हती. ती सर्वोच्च पातळीवर पोहोचली ती त्यानंतर, २००५ च्या सुमारास. रेल्वे बंद झाली ती डाक नव्हती म्हणून नाही. डाक होती, ती ट्रकवर चढली. २००४ च्या जानेवारीत धावत्या गाडीत सॉर्टिंग करणारे त्यांचे डबेही कायमचे बंद झाले. हे वाचताना मला कसे वाटले असेल ते आरएमएसमधल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

न्यायाने बोलायचे तर व्यवस्थापनाच्या बाजूलाही काही होते. बोगदा १९१३ च्या लंडनसाठी आखला होता. मोठ्या यंत्रांना जागा लागते, ती गावाबाहेर मिळते, ट्रकला बाहेरचा महामार्ग सोयीचा. जुन्या इमारतींत नवी यंत्रे बसवणे कठीण असते, हे मी इकडेही पाहिले आहे. नवे केंद्र बांधू नये असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, केंद्र हलवण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, त्याच टेबलावर बोगद्याचा तोटाही तयार झाला. तो तोटा बोगद्याच्या आणि त्यातल्या माणसांच्या नावावर मांडला गेला, निर्णयाच्या नावावर नाही.

आणि त्या जुन्या इमारतींचे काय झाले? किंग एडवर्ड बिल्डिंगच्या जागेवर मेरिल लिंच या अमेरिकन वित्तसंस्थेचे कार्यालय उभे राहिले. रॅथबोन प्लेसचे ऑफिस २०११ मध्ये १२ कोटी पौंडांना विकले गेले. तिथे आता घरे आणि फेसबुकवाल्यांच्या कचेऱ्या आहेत. न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे ऑफिस बरीच वर्षे ओसाड होते, आता तिथे चकाचक कार्यालयांची इमारत आहे आणि तिचे नाव ठेवले आहे 'द पोस्ट बिल्डिंग'. पोस्ट गेले, नाव भाड्याने राहिले. रॉयल मेल २०१३ मध्ये शेअर बाजारात गेली. माउंट प्लेझंटची बरीचशी जमीन २०१७ मध्ये घरबांधणी करणाऱ्या कंपनीला सुमारे १९ कोटी पौंडांना विकली गेली. २०२५ मध्ये खुद्द रॉयल मेलच एका झेक उद्योगपतीच्या समूहाकडे गेली. जमीन विकायची म्हणून बोगदा बंद केला, असा आरोप मी करत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण हिशेबाच्या एका वहीत बोगद्याचा तोटा पौंड-पेनीसकट मांडला होता, आणि वरच्या जमिनीचे भाव दुसऱ्या वहीत होते, हे लक्षात ठेवावे.

बंद बोगद्याचे करायचे काय, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. कुलूप लावून विसरता येत नाही. याचा दाखला लंडनमध्येच आहे. या रेल्वेच्या पन्नास-साठ वर्षे आधी, १८६३ मध्ये, एका खासगी कंपनीने हवेच्या दाबाने डाकेच्या गाड्या ढकलणारी नळी जमिनीखाली घातली होती. वेळ फारसा वाचेना, म्हणून पोस्टाने १८७४ मध्ये हात काढून घेतला. नळी तशीच पडून राहिली. पुढे तिच्यात टेलिफोनच्या तारा घातल्या. १९२८ च्या डिसेंबरात त्याच नळीत गॅस साठून स्फोट झाला आणि हॉलबर्नचा रस्ता उखडला गेला.

शिकागोची गोष्ट याहून मोठी. तिथे शहराखाली साठेक मैल मालवाहू रेल्वेचे बोगदे होते, ते १९५९ मध्ये बंद झाले. १९९१ मध्ये नदीत खांब ठोकताना एका बोगद्याच्या भिंतीला धक्का बसला. १९९२ च्या जानेवारीत केबलवाल्यांना आत गळती दिसली, त्यांनी तिचे चित्रीकरणही केले. दुरुस्तीला दहा हजार डॉलर लागतील असा अंदाज आला, तो जास्त वाटला म्हणून आणखी निविदा मागवण्यात वेळ गेला. १३ एप्रिलला नदी आत घुसली. शहराच्या मध्यभागातली तळघरे भरली, वीज गेली, बाजार बंद झाले. नुकसान अब्ज डॉलरच्या घरात गेले. रूळ तपासत रोज चालणारा एक माणूस किती स्वस्त असतो, याचा हिशेब त्या दिवशी शिकागोला कळला असेल.

लंडनच्या पोस्टाने निदान ही चूक केली नाही. २००३ नंतरही काही मोजके तंत्रज्ञ ठेवले. ते आत उतरायचे, पाणी उपसायचे, कडी-बोल्ट तपासायचे. त्यांच्यामुळेच बोगदा पुढे कोणाच्या उपयोगी पडण्याजोगा राहिला. त्याच्यावर तरंगती आश्वासनेही पुष्कळ झाली. २०१२ मध्ये हिरव्या कल्पनांच्या एका स्पर्धेत ऑक्सफर्ड स्ट्रीटखालच्या बोगद्यात अळंबीची बाग करायची, या योजनेला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस मिळाले, अळंबी उगवली नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी मात्र त्याचा खरा उपयोग करून घेतला. शेजारून नव्या क्रॉसरेलचा मोठा बोगदा खणला जात होता, तेव्हा जुन्या बिडाच्या कड्या किती हलतात ते मोजायला त्यांनी आत यंत्रे बसवली.

शेवटी २०१७ मध्ये माउंट प्लेझंटसमोर पोस्टाचे संग्रहालय उघडले. २८ जुलैला संग्रहालय सुरू झाले, ४ सप्टेंबरला बोगद्यातली गाडी. जुना गाड्यांचा कारखाना आता प्रदर्शनाची जागा आहे आणि तिथून साधारण एक किलोमीटरचा फेरा, पंधरा मिनिटांचा. नव्या गाड्या बॅटरीवर चालतात. लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीने त्याला मदत दिली. साडेसहा मैलांपैकी एक किलोमीटर उजेडात आला, बाकीचा अंधारात आहे.

हे संग्रहालय मला आवडले की नाही? आवडले. भाचा सांगतो की गाडी चालू असताना कानावर पडणारा आवाज कोणा नटाचा नाही, त्याच रेल्वेत नोकरी केलेल्या अभियंत्याचा आहे. फलाटावरच्या कामगारांच्या आठवणी, त्यांची हत्यारे, त्यांचे खेळ, सगळे मांडले आहे. पोस्टातल्या माणसाचे काम तिकीट काढून बघायला लोक येतात, मुले येतात, ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे रेल्वेच्या संग्रहालयात इंजिन असते, त्याला पॉलिश असते. त्यात कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचे नाव मी कुठे वाचलेले नाही.

पण एक गोष्ट मला तिथे खटकली असती. बोगदा बंद का झाला, या प्रश्नाला पाहुण्याच्या मनात आपोआप एकच उत्तर तयार होते. काळ बदलला. जुने झाले म्हणून थांबले. संग्रहालय नावाच्या गोष्टीचा हा स्वभावच आहे. जे काचेआड ठेवले ते जुनेच वाटते. तीन स्थानके, एक तृतीयांश क्षमता आणि युनियनचा आक्षेप हे पंधरा मिनिटांच्या फेरीत सांगायचे विषय नाहीत.

म्हणून ते आपण आपल्या पानावर सांगायचे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ज्या सेक्शनमध्ये होतो, तो बंद होताना मी हेच पाहिले. आधी काही गावांच्या पिशव्या रस्त्याने वळवल्या. मग गाडीची वेळ अशी बदलली की संध्याकाळची डाक तिला गाठू शकेना. मग एके दिवशी एक वरिष्ठ आले, हजेरीपटावर आणि पत्रांच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, एवढ्या माणसांना एवढीच पत्रे? आकडा खरा होता. आम्ही माना खाली घातल्या. आमच्यातल्या एका मेलमनने तेवढे विचारले, "साहेब, मागच्या वर्षी किती होती?" त्याला उत्तर मिळाले नाही आणि आम्हीही ते लावून धरले नाही. लंडनच्या युनियनने नेमके तेच लावून धरले. ते हरले, पण त्यांचा एक तृतीयांशाचा आकडा नोंदीत राहिला, म्हणून वीस वर्षांनी मला तो इथे लिहिता येतो.

आपल्या एखाद्या शेडचे, कारखान्याचे, सॉर्टिंग ऑफिसचे किंवा लहान स्थानकाचे नाव तोट्याच्या यादीत येईल, तेव्हा शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत तीन कागद मागावेत. पूर्ण क्षमता किती, गेल्या दहा वर्षांत काम कोणत्या आदेशाने कुठे वळवले, आणि जागेची मालकी व किंमत काय. तिसऱ्या कागदाला नकार मिळेल. नकार लेखी घ्यावा.

माझ्याकडे १९८० च्या दशकातली एक सॉर्टिंग लिस्ट आहे, कडा फाटलेली, लाखेचे डाग पडलेली. आता त्या मार्गावर डब्यात कोणी पत्रे छाटत नाही. भाच्याच्या लेकीला फोनवर तिचे एक पान वाचून दाखवले, तर तिने विचारले, एवढी सगळी गावे तुम्हाला पाठ होती? होती, अजून आहेत. ती लिस्ट मी आमच्या शाखेच्या कार्यालयात देणार आहे. आपल्यापैकी कोणाकडे जुनी वर्क पेपरे, मेल लिस्ट, ड्यूटी रोस्टर, शेडमधले फोटो पडून असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाण्याआधी ते शाखेच्या सचिवांना दाखवावेत.